पोलीस रेकॉर्डमधून नाव काढून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयासुद्धा देऊ नका

सरकारी नोकरीत सिलेक्शन झालंय, चारित्र्य पडताळणी बाकी आहे आणि नावावर एखादी जुनी केस आहे, अशा घरातल्या लोकांनी हे नीट वाचा, कारण हे भामटे बरोबर अशीच घरं शोधतात. भरतीच्या व्हॉट्सअप टेलिग्राम ग्रुपवर पोरं स्वतःच विचारत असतात ना, माझ्यावर केस होती, निर्दोष सुटलोय, काही प्रॉब्लेम येईल का, तिथूनच नंबर उचलतात.

माझ्या मावसभावाचं हेच झालं. कॉलेजला असताना गावातल्या भांडणात एफआयआर झालेला, आयपीसी कलम 324, 504, 506 सह 34, म्हणजे मारहाण, शिवीगाळ, धमकीची कलमं, पाचसहा पोरांची नावं आणि त्यात एक याचं. पुढे कोर्टात सगळे निर्दोष सुटले आणि घरात तो विषयच संपला. आता लिस्टमध्ये नाव लागलं, साक्षांकन नमुना, म्हणजे पडताळणीचा फॉर्म, भरायची वेळ आली आणि काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, एकाचा फोन आला. म्हणाला, "काका टेन्शन घेऊ नका, सीसीटीएनएसला आत आपला माणूस आहे, एंट्रीच डिलीट करून टाकतो." सीसीटीएनएस म्हणजे पोलिसांची कॉम्प्युटर सिस्टीम. काकांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग त्याने व्हॉट्सअपवर केस नंबर, कलमं, कोर्टाचं नाव, निकालाची तारीख सगळं पाठवलं. हे बघून काकांना वाटलं, माणूस खरंच आतला आहे.

मला सगळ्यात जास्त संताप याच गोष्टीचा येतो. ही माहिती आतली नव्हतीच हो. ई-कोर्ट्सच्या साईटवर जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराचं नाव टाकलं की केस दिसते, कुणालाही, फुकट. आणि 2016 ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिलाय की संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांनी वेबसाईटवर टाकायचे, तेही साधारण 24 तासांत. म्हणजे तुमच्या केसची माहिती दाखवली म्हणून समोरचा पोलिसांच्या सिस्टीममध्ये आहे हे अजिबात सिद्ध होत नाही.

सीसीटीएनएस हे पोलीस स्टेशनं जोडणारं सरकारी नेटवर्क आहे, एनसीआरबी म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था ते बघते. आयसीजेएस नावाची दुसरी सिस्टीम आहे, तिने पोलीस, कोर्ट, जेल, फॉरेन्सिक, सरकारी वकील यांचा डेटा एकमेकांना जोडलाय. हे बघायचं ते त्या त्या यंत्रणेतल्या माणसाने स्वतःच्या लॉगिनने. बाहेरच्या एजंटला तिथे कसलाही अधिकार नाही, आणि ज्या ऑफिसात नोकरी लागलीये तेसुद्धा स्वतः सिस्टीम उघडत नाही, पोलिसांकडे पत्र जातं आणि रिपोर्ट येतो. त्यामुळे समजा कुणी एका ठिकाणची एंट्री काढलीच, तरी पोलीस स्टेशनचं रजिस्टर आणि कोर्टातला निकाल कुठे जाणार?

तो भामटा हुशार होता, कायदा पण सांगायचा. 2022 च्या कायद्यात लिहिलंय, निर्दोष सुटलं की रेकॉर्ड नष्ट करतात, त्याचीच ही फी आहे म्हणे. कायदा खरा आहे पण तो बोटांचे ठसे, फोटो, बुबुळाचं स्कॅन असल्या मापांबद्दल आहे, एनसीआरबी ती 75 वर्षं ठेवू शकते आणि सगळे कायदेशीर मार्ग संपून माणूस निर्दोष ठरला तर ती नष्ट करायची तरतूद आहे. एफआयआर पुसण्याशी त्याचा काही संबंध नाही. अर्धं खरं सांगून फसवतात ते असं.

आधी 15 हजार घेतले, मग फाईल वर गेली म्हणून, मग मोठ्या साहेबांसाठी म्हणून, असे करत 48 हजार गेले. शेवटी पीडीएफ आली, शिक्का, सही, क्यूआर कोड, "कोणताही गुन्हा नोंद नाही". मी तो कोड स्कॅन केला तर साईट हुबेहूब सरकारी दिसणारी, पण पत्त्यात शेवटी गव्ह डॉट इन नव्हतंच. हे सर्टिफिकेट जमा झालं असतं तर पोरावर बनावट कागद वापरल्याचा नवीन गुन्हा लागला असता, आणि तो खरोखरचा!

फॉर्ममध्ये "कधी गुन्हा दाखल झाला होता का" ला "नाही" लिहायचा सल्ला पण त्यानेच दिलेला. हे तर अजिबात करू नका. अवतार सिंग केसमध्ये 2016 ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की शिक्षा, निर्दोष सुटका, अटक किंवा चालू केस, जी माहिती द्याल ती खरी पाहिजे. खरं लिहिलं म्हणून नोकरी मिळेलच असं नाही, निर्णय ऑफिसचा असतो, पण लपवलेलं सापडलं तर लागलेली नोकरीसुद्धा जाऊ शकते. भावाने आता खरं लिहून दिलंय आणि कोर्टातून निकालाची सर्टिफाईड नक्कल काढून जोडलीये, पडताळणी अजून चालू आहे.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन केला म्हणून शेवटचा हप्ता समोरच्या खात्यात होल्ड झाला, आधीचे पैसे निघून गेलेत. आधार, फोटो, सही, मार्कशीट सगळं त्याच्याकडे आहे, याचा जास्त घोर लागलाय, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय. त्याचा नंबर बंद आहे पण परवाच दुसऱ्या एका भरती ग्रुपवर तोच मेसेज शब्दन् शब्द पडला, नाव फक्त वेगळं. मी खाली हे सगळं लिहिलं तर ॲडमिनने मलाच ग्रुपमधून काढलं, म्हणून आता जिथे जमेल तिथे लिहितोय.