पावसाळ्यात फाटलेली कोंबडीची पाठ: सलाईन आणि सिल्व्हर सल्फाडायझिन वापरून आलेला अनुभव

जखम खरंच भरली की नाही, हे पंधरा दिवसांत कळत नाही, म्हणून इतके महिने थांबून लिहिते आहे. आषाढात आमच्या गोराईच्या परसात मुंगूस शिरलं आणि तांबडीची पाठ फाडून गेलं. तांबडी म्हणजे आमची गावठी कोंबडी. शेपटीच्या बुडापासून पंखांच्या मधोमध कातडं सुटून एका बाजूला लोंबत होतं आणि खालचं मांस उघडं पडलं होतं. आता दिवाळी उलटली, ती पुन्हा अंडी घालते आहे, पाठीवर पिसं आली आहेत. मधल्या काळात जे जे वापरलं ते नीट सांगते, कारण अशा वेळी आजूबाजूचे लोक दोनच सल्ले देतात: हळद भर, नाहीतर आजच कापून टाक. तिसरा रस्ता आहे आणि तो फार खर्चाचाही नाही.

सगळ्यात जास्त गुण कशाचा आला असं विचाराल तर साध्या सलाईनचा. मेडिकलमध्ये अर्ध्या लिटरची नॉर्मल सलाईनची बाटली मिळते, ती आणि सुई काढलेली २० मिलीची सिरिंज. बाटली संपली की घरी करता येतं: १ लिटर पाणी उकळायचं, त्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवायचं, झाकून गार होऊ द्यायचं. मीठ चमच्याने अंदाजे घालू नका, वजन करून घाला. हे पाणी कोमट असावं. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, त्यात पावसाळी हवा. गार पाणी ओतलं की ती कुडकुडते. सिरिंजने हलका झोत मारायचा, माती, पिसांचे तुकडे, जुनं क्रीम सगळं वाहून जाऊ द्यायचं, मग स्वच्छ गॉजने टिपायचं. पुसायचं नाही, फक्त टिपायचं. जखम पंखाखाली किंवा खोल भोकाची असेल तर मात्र आत पाणी मारू नका. पक्ष्यांच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात, पाणी तिथे गेलं तर जिवावर बेतेल. तिथे डॉक्टरच हवेत.

डॉक्टर म्हणजे आमच्यासाठी परळ. खाडी ओलांडून बोरिवली आणि पुढे बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय. १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच परिसरातलं. कोंबडी घेऊन गेलं म्हणून तिथे कुणी हसलं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण त्या भीतीनेच बरेच जण जात नाहीत. टाके घालतील असं मला वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, जखम मळलेली आहे, बराच वेळ उघडी राहिली आहे, टाके घालून बंद केली तर घाण आतच कोंडेल. त्यांनी मेलेलं कातडं कापून काढलं, जिवंत होतं तेवढं ठेवलं, आणि जखम खालून वर भरू द्यायची असं ठरलं. अँटिबायोटिक आणि वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम वजनावर मोजून दिलं. वजन विचारतीलच, म्हणून निघण्याआधी मासे तोलायच्या काट्यावर तिला टोपलीसकट तोलून घेतलं होतं. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी चुरून देण्याचा विचारही करू नका. आणि औषध चालू असताना व संपल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत.

आता क्रीम. सिल्व्हर सल्फाडायझिन १ टक्का, भाजलेल्या जखमेवर लावतात तेच पांढरं क्रीम, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. पातळ थर पुरतो. मला त्याचा मोठा फायदा हा वाटला की जखम ओली राहते, कोरडी पडून तडकत नाही, आणि लावताना कोंबडी अंग काढून घेत नाही. तोटा एकच, पण तो माहीत असायला हवा: काही तासांत क्रीमचा स्रावाशी मिळून पिवळट-करडा पापुद्रा जमतो. पहिल्यांदा बघताना पू झाला असंच वाटतं. तो कोमट सलाईनने भिजवला की सुटून येतो आणि खाली लालबुंद दाणेदार मांस दिसतं, ते भरत्या जखमेचं लक्षण. तो पापुद्रा न काढता वरून थरावर थर देत गेलात तर क्रीमचा उपयोग शून्य. खरा पू ओळखायचा कसा, तर कोंबडीच्या जखमेत माणसासारखा पातळ पू होत नाही. तो घट्ट, पिवळसर, तुकड्यातुकड्याने निघणारा असतो. तो आपोआप वाहून जात नाही, काढावाच लागतो, आणि ते काम डॉक्टरांकडून करून घेतलेलं बरं.

पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जखमेवर लावायचं तपकिरी जंतुनाशक, सुरुवातीच्या दिवसांतच वापरलं, तेही पाण्यात घालून फिकट चहाच्या रंगाचं करून. बाटलीतलं तसंच ओतलं तर नवं मांस भाजून निघतं. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं म्हणून लोकांना आवडतं, पण तेही नव्या पेशी मारतं, रोजच्या धुण्याला ते नकोच. जखमेच्या मलमाच्या ट्यूबवर लिग्नोकेन किंवा बेन्झोकेन असं काही लिहिलं असेल तर ती बाजूला ठेवा, पक्ष्यांना बधिरतेची ही औषधं सहज बाधतात. हळदीबद्दल शेजारच्या मावशींशी माझा बराच वाद झाला. हळदीला मी नावं ठेवत नाही. पण उघड्या मांसावर भरलेल्या पुडीची खपली होते, ती सोलताना रक्त येतं, आणि पिवळ्या रंगाखाली जखमेचा खरा रंग दिसेनासा होतो. मला रोज रंग बघायचा होता.

रंगावरून आठवलं. तिसऱ्या दिवशी जखमेभोवतीचं कातडं हिरवं झालं. गर्द हिरवं. अंग सडायला लागलं असं वाटून माणूस इथेच हात टेकतो. डॉक्टरांना फोटो पाठवला तर उत्तर आलं की हा मुका मार आहे. माणसाचं काळंनिळं होतं, कोंबडीचं हिरवं, कारण रक्त विरताना होणारं हिरवं रंगद्रव्य पक्ष्यांचं शरीर पुढे पिवळं करू शकत नाही. काही दिवसांत ते ओसरलं. वास येत असेल, कातडं काळं आणि गार पडत असेल, तर गोष्ट वेगळी.

श्रावणात खरी लढाई माशांशी झाली. उघड्या जखमेवर माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या निघू शकतात. म्हणून तांबडीला खुराड्यातून काढून पडवीत डालग्याखाली ठेवलं आणि डालग्यावर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलं. खाली वर्तमानपत्र, दिवसातून दोनदा बदललेलं. भुसा नको, तो जखमेला चिकटतो. माश्या पळवायचा हर्बल स्प्रे मिळतो, तो जखमेच्या कडेच्या पिसांवर मारला, आत नाही. जनावरांच्या अळ्यांवर टर्पेंटाइन घालतात, ते कोंबडीच्या अंगावर अजिबात नको. रात्री उबेसाठी बल्ब लावणार असाल तर जुना तारेचा पिवळा बल्ब शोधा, एलईडीने ऊब मिळत नाही.

डालग्याचं दुसरं कारण बाकीच्या कोंबड्या. लाल दिसलं की त्या टोचतात, आणि रक्त लागलेल्या चोची थांबत नाहीत. पण तिला अगदी दूरही ठेवलं नाही. खुराडं समोर दिसेल अशी जागा दिली, नाहीतर कोंबडी खाणं सोडते. विष्ठा नुसती हिरवी पातळ पडू लागली तर समजायचं की पोटात काही जात नाही.

धुताना तिला जुन्या टॉवेलात गुंडाळून डोळ्यांवर टॉवेलचं टोक टाकायचे, ती लगेच शांत व्हायची. छातीवर मात्र दाब येऊ द्यायचा नाही. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा, नाही, छातीचं हाड खालीवर झालं तरच तिचा श्वास चालतो. घट्ट धरलेली कोंबडी हातातच गुदमरू शकते.

खाण्यात उकडलेलं अंडं आणि उन्हात वाळवलेला जवळा. खारवलेलं काही नको, जास्त मीठ कोंबडीला सोसत नाही. जवळ्याचा वास आला की अंग टाकून बसलेली तांबडी मान वर करायची, तेव्हा मला वाटायचं की ही जगणार. नवं कातडं कडेकडेने आत सरकत आलं, पातळ, फिकट गुलाबी. गणपतीपर्यंत उघडा भाग रुपयाएवढा उरला होता. क्रीम तेव्हा बंद केलं, धुणं चालू ठेवलं. मग नव्या पिसांचे कोंब फुटले. हे कोंब रक्ताने भरलेले असतात, दुखावले तर भळाभळा रक्त येतं, म्हणून त्या काळात तिला उचलायची ती दोन्ही हात पोटाखाली घालून.

परत कळपात सोडताना घाई केली नाही. आधी दिवसा जाळीच्या अलीकडे-पलीकडे, मग संध्याकाळी दाणे टाकताना एकत्र, आणि शेवटी अंधार पडल्यावर तिला दांडीवर इतरांच्या शेजारी ठेवलं. एक काळी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अजून तिच्या पाठीवर मध्येच चोच मारते, नवी पिसं बोटभरच आहेत ना. म्हणून त्या तलंगेला सध्या दुपारी वेगळी ठेवते. खुराड्याला खालून सगळीकडे बारीक वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून केलेली पक्की जाळी, लावली आहे आणि जाळीची कड वीतभर मातीत पुरली आहे, कारण मुंगूस उकरून आत येतं. ज्यांच्या खुराड्याला अजून कोंबडीजाळी, म्हणजे पातळ तारेची षटकोनी भोकांची जाळी, आहे त्यांनी ती बदलून घ्या. ती कोंबड्या आत ठेवायला ठीक आहे, मुंगसाला बाहेर ठेवायला पुरत नाही.