स्पॅनिश इंग्रजीतून शिकणं सोडलं, त्याचे नऊ महिने

मी ऐरोलीतल्या एका कंपनीत अकाउंट्स पेएबलला आहे. आमच्या टीमकडे मेक्सिकोचे पुरवठादार आहेत. बिलं तपासायची, पेमेंट सोडायचं आणि 'आमचे पैसे कुठे अडकले' म्हणून येणारे फोन घ्यायचे. खरं तर ते स्पॅनिश येणाऱ्या सहकाऱ्याच्या गळ्यात मारायचे. बी१ पातळीचं (युरोपीय मोजपट्टीवरची मधली पातळी) सर्टिफिकेट आणलं की पगारात लँग्वेज अलाउन्स लागतो, आणि तो लागलेली माणसं माझ्या शेजारच्याच खुर्च्यांवर बसतात. तेव्हा माझी सुरुवात भाषेच्या ओढीने वगैरे नाही, पैशासाठी झाली. हौसेने शिकणाऱ्यांनी माझ्या घाईतून थोडं वजा करून वाचावं.

आधीची दोन वर्षं अगदीच फुकट गेली असं म्हणवत नाही, पण हाताला फारसं काही लागलं नाही. नौपाड्यात एका क्लासला शनिवार-रविवार जायचे. एकूण ६० तास, १८ हजार रुपये. शिकवणाऱ्या मॅडम मन लावून शिकवायच्या, पण सगळं इंग्रजीतून आणि तक्त्यांवर. 'सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन' हे मी तेराच्या पाढ्यासारखं पाठ केलं होतं. त्यातलं पाचवं, 'सोइस', स्पेनमध्ये चालतं. मेक्सिकोत रोजच्या बोलण्यात ते रूपच नाही. म्हणजे प्रत्येक क्रियापदाचा एक खण मी ज्या लोकांसाठी घोकला, ते माझ्या फोनवर कधी येणारच नव्हते.

क्लास संपल्यावर एक लोकप्रिय ॲप घेतलं. रोज दहा मिनिटं. २१४ दिवस एकही दिवस चुकवला नाही, मग नवरात्रात गावाला रेंज मिळाली नाही आणि सलग दिवसांचा आकडा शून्यावर आला. दुःख झालं ते आकड्याचं. स्पॅनिशचं काही गेलं असं वाटलंच नाही, यावरूनच समजायला हवं होतं.

एकदा धीर करून मी स्वतः फोन घेतला. माझं पहिलंच वाक्य ऐकून पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मांदे?" मला 'मांदार' म्हणजे पाठवणे हे पाठ होतं. वाटलं, काहीतरी पाठवा म्हणतायत. मी जोरात सांगितलं, "सी, मान्याना!" म्हणजे हो, उद्या. पलीकडे शांतता. शेजारची सहकारी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. मेक्सिकोत 'मांदे' म्हणजे 'काय म्हणालात?' आपल्या 'अं?'चं सभ्य रूप. त्यांनी विचारलं काय म्हणालात, मी सांगितलं उद्या.

त्या रात्री मी हिशेब केला. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवायला ६०० ते ७५० तासांचे वर्ग धरतं, आणि तेही स्पॅनिश त्यांच्या सोप्या भाषांच्या गटात आहे म्हणून. ती माणसं दिवसभर दुसरं काही करत नाहीत. माझे क्लासचे ६० तास, त्यातला निम्मा वेळ इंग्रजी ऐकण्यात गेलेला. माझ्या डोक्यात दोष नव्हता, बजेटच दहापट कमी पडलं होतं. अकाउंट्समध्ये असून हे आधी दिसलं नाही, याची लाज मात्र वाटली.

मग सुरू केलं ते ड्रीमिंग स्पॅनिश. यूट्यूबवर त्यांचे बरेच व्हिडिओ फुकट आहेत, वेबसाइटवर पैसे भरून आणखी मिळतात. कल्पना साधी आहे: माणूस फक्त स्पॅनिशमध्ये बोलतो, पण चित्रं काढत, हातवारे करत, इतकं सावकाश आणि सोपं की अर्थ लागतोच. भाषांतर नाही, तक्ते नाहीत, गृहपाठ नाही. फक्त तास मोजायचे. ५०, १५०, ३००, ६००, १०००, १५०० अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला काय जमू लागेल याचा अंदाज दिलेला आहे. मुळात ही स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषातज्ज्ञाची जुनी मांडणी: समजलेल्या बोलण्यातून भाषा आत उतरते, नियम घोकून नाही. या मांडणीवर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. मी वादात पडले नाही, मला फोन घ्यायचे होते.

खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे मूर्खासारखं वाटलं. अडतीस वर्षांची बाई आणि "हे घर आहे, घर मोठं आहे" ऐकतेय. माझा विश्वास बसला तो एका रविवारी, आणि तो माझ्यामुळे नाही. मी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून लावला होता, सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. बोर्डावर एक दार, दारात बॅग घेतलेली बाई, आणि आतल्या माणसाचा पडलेला चेहरा. आई हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "सासू आली वाटतं त्याची." मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. 'स्वेग्रा', 'स्वेग्रा' असं तो चारदा म्हणाला होता. स्वेग्रा म्हणजे सासूच! दोन वर्षं शिकून जे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते आईंना मेथी निवडता निवडता आलं, कारण त्या शब्द ऐकत नव्हत्या, गोष्ट बघत होत्या. (पुढे कळलं की संस्कृत श्वश्रू आणि हे स्वेग्रा मुळात एकाच घरातले शब्द आहेत. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही आहोत आम्ही.")

वेळेचं म्हणाल तर माझी शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११. कासारवडवलीहून टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली. घोडबंदर रोडला कितीही शिव्या घाला, माझे निम्मे तास त्याच्या ट्रॅफिकने दिलेत. रात्री कंपनीची ड्रॉप कॅब ऐरोली पुलावरून मुलुंडला येते आणि पुढे माजिवड्याला ट्रकांच्या रांगेत उभी राहते, तेव्हा आणखी अर्धा-पाऊण तास. एकदा हेडफोनची बॅटरी संपली म्हणून मोबाइल तसाच लावला, तर ड्रायव्हरदादा म्हणाले, "मॅडम, हा माणूस फार समजावून सांगतो हो." सुट्टीच्या दिवशी भांडी आणि इस्त्री. असं करत ९ महिन्यांत ३१२ तास झाले.

पण या पद्धतीत मी माझी एक भेसळ केली, आणि मला ती मूळ गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते. व्याकरण अडलं की मी इंग्रजीकडे जायचं बंद केलं, मराठीकडे गेले.

उदाहरण देते. क्लासमध्ये 'मे गुस्ता' या एका गोष्टीवर दोन रविवार गेले होते. इंग्रजीत 'मी आवडवते' अशी रचना, स्पॅनिशमध्ये उलटी, म्हणून वहीत बाण काढायचे, कर्ता कोण, कर्म कोण. आणि मराठीत? 'मे गुस्ता एल मांगो': मला आंबा आवडतो. 'मे गुस्तान लोस मांगोस': मला आंबे आवडतात. आंबे झाले की क्रियापद बदललं, दोन्हीकडे. यात शिकवायचं आहे काय? हे आपल्याला तीन वर्षांच्या वयात येतं. आम्ही वर्गात बारा जण होतो, त्यातले दहा मराठी, आणि सगळे मिळून इंग्रजांची अडचण सोडवत होतो.

भूतकाळाचंही तेच. तिथे दोन भूतकाळ आहेत आणि कुठला कधी वापरायचा यावर पानंच्या पानं असतात. मी 'फुई' म्हणजे 'गेले' आणि 'इबा' म्हणजे 'जायचे' एवढंच धरलं. लहानपणी मामाकडे जायचे, तिथे इबा. काल मामाकडे गेले, तिथे फुई. दहातल्या आठ वेळा बरोबर येतं. ज्याला सगळे घाबरतात तो सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा वगैरे सांगणारं क्रियापदाचं रूप: 'किएरो के बेंगास', तू यावंस असं मला वाटतं. तो 'यावंस' आपल्याकडे आहेच. 'ओहाला युएबा', पाऊस पडो. 'पडतो' नाही, 'पडेल' नाही, 'पडो'. हा 'ओहाला' अरबीतून आलेला, देवाची इच्छा असेल तर अशा अर्थाचा, म्हणजे आपलं 'देव करो'.

'तू'ला तर 'तू'च म्हणतात. आणि आदराचं 'उस्तेद' हे 'आपली कृपा' अशा जुन्या दरबारी संबोधनातून झिजून आलंय, म्हणून समोरच्याशी बोलतानाही क्रियापद तृतीय पुरुषी. इंग्रजीतून हे विचित्र वाटतं. 'साहेब काय घेणार?' असं साहेबांनाच विचारणाऱ्या माणसाला वाटू नये.

शब्दांची फुकटची कमाई पोर्तुगिजांची. वसई-ठाण्यात ते दोन शतकं होते, आणि त्यांची भाषा स्पॅनिशची सख्खी बहीण. त्यांच्याकडून आलेली बिजागरी स्पॅनिशमध्ये 'बिसाग्रा', चावी 'याबे', बादली 'बाल्दे' (मेक्सिकोत मात्र बादलीला 'कुबेता'). आणि 'पागार' म्हणजे पैसे देणे. पेमेंट टीममध्ये बसून मी दोन वर्षं 'पागार' हा शब्द फ्लॅशकार्डवर घोकत होते, आणि दर महिन्याच्या शेवटी पगाराची वाट बघत होते.

उच्चारात एकच सांगते: त आणि द मराठीतलेच ठेवा. इंग्रजीतून शिकलं की 'टू', 'डोंडे' असं तोंडात बसतं. 'दोंदे' म्हणा, निम्मं काम झालं.

मराठी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. 'सेर' आणि 'एस्तार', दोन्ही म्हणजे असणे, इथे मी अजून ठेचकाळते. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे आणि 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलाय. मीटिंगमध्ये यांची अदलाबदल करू नये, मी केली आहे. लिंगाची सवय आपल्याला आहे, पण लिंगं त्यांची वेगळी: हात तिकडे स्त्रीलिंगी.

आता पद्धतीची उणी बाजू. पहिली म्हणजे बोलणं फार मागे राहतं. शेकडो तास होईपर्यंत बोलू नका, वाचूही नका, असा या मंडळींचा सल्ला असतो. ज्याची नोकरी फोनवर आहे त्याने तो जसाच्या तसा पाळू नये असं माझं मत. मी १५० तासांनंतर मेक्सिकोतल्या माँतेर्रेय शहरातल्या एका सहकारी बाईंशी आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं बोलायला लागले. आमचे संध्याकाळचे ७ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेसात. त्यांना इंग्रजी ऐकून सुधारायचंय, म्हणून त्या स्पॅनिशमध्ये बोलतात आणि मी इंग्रजीत उत्तर देते. हळूहळू माझी उत्तरं आपोआप स्पॅनिशकडे सरकली. इंग्रजीचा मला स्पॅनिशसाठी झालेला एवढाच उपयोग.

दुसरी उणीव आकड्यांची. साठ म्हणजे 'सेसेंता', सत्तर म्हणजे 'सेतेंता'. व्हिडिओत कोणी तुम्हाला दोनशे आकडे वेगाने ऐकवत नाही, आणि आमच्याकडे तर दुसरं काहीच नसतं. एका बिलाची रक्कम मी फोनवर साठ हजार पेसो ऐकली, होती सत्तर. मेल मागवून घेतला म्हणून वाचले. त्यानंतर अँकी या फ्लॅशकार्डच्या ॲपवर आकडे आणि कामाचे चारशे शब्द घातले: फाक्तुरा म्हणजे बिल, साल्दो म्हणजे शिल्लक, बेन्सिमिएन्तो म्हणजे देय तारीख. विसरायच्या बेताला आलेलं कार्ड ते बरोबर समोर आणतं. अँड्रॉइडवर फुकट आहे. इथे घोकंपट्टीच चालते, कोणी काहीही म्हणो.

तिसरी, लिहिणं. ऐकून शिकलेल्याला कुठल्या अक्षरावर आघातचिन्ह द्यायचं ते कळत नाही. देले या स्पॅनिशच्या सर्टिफिकेट परीक्षेत वाचन-लेखनाचा एक गट आणि ऐकणं-बोलण्याचा दुसरा, आणि दोन्हीकडे वेगवेगळे ५० पैकी ३० लागतात. दुसऱ्या गटाची मला भीती नाही. पहिल्यासाठी क्लासची जुनी वही माळ्यावरून काढली आहे आणि, कबूल करते, ते तक्ते आता वाचताना समजतात. आधीच ओळखीच्या झालेल्या माणसाचं मागाहून नाव-गाव विचारावं तसे. त्या मॅडमना हे सांगायला हवं.

परीक्षा अजून दिलेली नाही, त्यामुळे अलाउन्सबद्दल विचारू नका. फोन मात्र घेते. गेल्या महिन्यात एकाच पुरवठादाराला तीनदा फोन केला. मेक्सिकोत उधारीच्या बिलाचे पैसे मिळाले की विक्रेत्याने 'कोंप्लेमेंतो दे पागो' नावाची वेगळी इलेक्ट्रॉनिक पावती द्यावी लागते. ती आली नाही की आमचं ऑडिट अडतं. तिन्ही वेळा त्यांचं बोलणं मला पहिल्या फटक्यात समजलं, आघातचिन्हांसकट म्हणायला हरकत नाही. तिन्ही वेळा ते "आओरिता" म्हणाले. कोशात याचा अर्थ 'आत्ता लगेच' असा आहे. पण आमच्या सोसायटीचा प्लंबर "आलोच" म्हणतो तो हाच शब्द, हे ओळखायला मला कोश लागला नाही. पावती अजून आलेली नाही.