उणे ३८ ला डिझेल पिकअप कशी चालू होते: ब्लॉक हीटर, कॉर्ड आणि टायमरचा तीन हिवाळ्यांचा अनुभव

गेल्या जानेवारीत एका सकाळी फोन उणे ३८ दाखवत होता, शिफ्ट सातची, मी साडेपाचला बाहेर आलो तर बोनेटखालून बारीक सूंऽऽ आवाज येत होता, चहाचं आधण उकळायच्या आधी भांड्याच्या तळातून येतो ना अगदी तसा. प्लग काढला, किल्ली फिरवली, डॅशवरचा स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबलो आणि स्टार्टर दोनदा फिरतोय न फिरतोय तोच गाडी चालू. हा आवाज ऐकायला मला एक अख्खा हिवाळा आणि बराच पैसा घालवावा लागला म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय, कॅनडात नव्याने आलेल्या आणि डिझेल पिकअप घ्यायच्या विचारात असलेल्या आपल्या मंडळींसाठी.

मी सस्कॅच्वान प्रांतात सास्काटूनच्या बाहेर राहतो. गाडी २०१६ ची रॅम २५००, ६.७ लिटर कमिन्स इंजिन, सेकंडहँड घेतलेली. (कमिन्स म्हटलं की आपल्याला कोथरूड आठवतं, १९६२ पासून पुण्यात आहेत ते, त्यामुळे इंजिनाबद्दल मनात पहिल्यापासून विश्वास होता आणि तो आजही आहे.) ज्याचा रिव्ह्यू करतोय ती वस्तू म्हणजे या इंजिनाचा ७५० वॉटचा ब्लॉक हीटर (गाडी उभी असताना घरच्या विजेवर इंजिन गरम ठेवतो तो), त्याला वीज देणारी कॉर्ड, आणि बाहेर लावायचा साधा टायमर.

मी मूळचा निफाडचा. नाशिक जिल्ह्यात थंडी म्हटलं की पेपरात पहिलं नाव आमचं येतं, पारा चार-पाचवर आला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवायच्या, हे बघतच मोठा झालो. आमचा जुना ट्रॅक्टर अशा सकाळी रुसून बसायचा, मग अण्णा चुलीवर पाणी तापवून कळशीने रेडिएटरमध्ये ओतायचे, जरा वेळ थांबायचे आणि मग सेल्फ मारायचे, लगेच घ्यायचा. तेव्हा वाटायचं ही जुन्या लोकांची युक्ती. इथे येऊन कळलं की ब्लॉक हीटर दुसरं काहीच करत नाही, इंजिनाच्या आतलं कूलंट तापवतो, अण्णांच्या कळशीचंच काम विजेवर.

याची गरज का पडते ते थोडक्यात. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून जी उष्णता तयार होते तिच्यावरच डिझेल पेटतं. लोखंडच उणे ३५ ला असेल तर ती उष्णता सिलेंडरच्या भिंतीच खाऊन टाकतात. वर ऑइल मधासारखं घट्ट झालेलं, म्हणजे स्टार्टरला जास्त जोर हवा, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरी अर्ध्या ताकदीवर आलेली. तिन्ही बाजूंनी कोंडी होते. कमिन्समध्ये ग्लो प्लगऐवजी (बऱ्याच डिझेल इंजिनांत सिलेंडर आतून तापवायला असतात ते) हवा आत येते त्या वाटेवर एक ग्रिड हीटर असतो, तो आत जाणारी हवा तापवतो, तो स्प्रिंगसारखा दिवा त्याचाच. पण इतक्या थंडीत एकट्या ग्रिड हीटरच्या भरवशावर राहू नका, मी राहिलो होतो.

पहिल्या हिवाळ्यात काय झालं ते सांगतो. सप्टेंबरात टाकी फुल्ल केली आणि नंतर दोन अडीच महिने बायकोची छोटी गाडीच वापरली, पिकअप अंगणात उभी. डिसेंबरात पारा उणे ३० खाली गेला तेव्हा पिकअपची गरज पडली, किल्ली फिरवली तर स्टार्टर घर्रर्र करून दमला. एका दुकानात नेली, नाव लिहीत नाही, त्यांनी दोन्ही बॅटऱ्या बदलायला लावल्या (या गाडीला दोन असतात) आणि भलंमोठं बिल लावलं. मला राग याचा आहे की गाडी प्लग इन करता का, एवढा एक प्रश्नसुद्धा तिथे कोणी विचारला नाही, सास्काटूनमध्ये राहून! आठवड्याने पुन्हा तीच थंडी, या वेळी गाडी कशीबशी चालू झाली, पांढऱ्या धुराचा लोट सोडला, दोन मिनिटं चालली आणि बंद पडली ती पडलीच.

शेजारी एक आजोबा आहेत, जन्म शेतीत गेला त्यांचा. ते आले, काहीही न उघडता दोन प्रश्न विचारले, डिझेल कधी भरलंस आणि कॉर्ड कुठाय. डिझेल सप्टेंबरातलं आणि कॉर्ड नव्हतीच. बंपरखाली, ग्रिलमध्ये सगळीकडे बघितलं, प्लगच नाही. गाडी आधी गरम भागात फिरलेली, हीटर इंजिनात बसवलेला होता पण त्याला वीज द्यायची वायर आधीच्या मालकाला कधी लागलीच नव्हती.

डिझेलचं असं आहे की त्यात मेण असतं, थंडीत ते आधी धुरकट दिसायला लागतं आणि मग फिल्टरवर थर धरून बसतं. इथल्या रिफायनऱ्या हिवाळा जवळ येईल तसं डिझेल बदलत जातात, पण तुमच्या टाकीत उन्हाळ्याचं असेल तर ते उन्हाळ्याचंच राहणार ना. आपल्याकडे लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं ते याच कारणाने. आजोबांनी ट्रॅक्टरने ओढून माझी गाडी त्यांच्या गरम शेडमध्ये घातली, एक दिवस एक रात्र तिथे राहिली, फिल्टर बदलला, जुना फिल्टर बाहेर काढला तेव्हा त्यावर थिजलेल्या तुपासारखा पिवळट थर होता, बोटाने निघत होता. त्यांनी या सगळ्याचा एक डॉलर घेतला नाही.

आता कॉर्डबद्दल. पहिली मी ऑनलाइन स्वस्तातली मागवली, ती चुकूनही घेऊ नका. तीन आठवड्यांत हीटरला जोडायचं टोक सैल पडलं आणि एक दिवस प्लास्टिक वितळल्याचा वास आला, काढून बघितलं तर एक पिन काळी पडून अर्धी जळालेली. कनेक्शन सैल असलं की तिथेच उष्णता तयार होते, आणि हे इंजिनाच्या कुशीत, तुम्ही घरात झोपलेले असताना. दुसरी कॉर्ड गाडीच्या कंपनीचीच पार्ट नंबर बघून घेतली, दुपटीहून महाग पडली, तीन हिवाळ्यांत एकदाही तक्रार नाही.

बसवायचं काम घरी होण्यासारखं आहे. हीटर पॅसेंजर साइडला ब्लॉकमध्ये, ऑइल फिल्टरच्या मागच्या अंगाला असतो, वरून हात पोचत नाही म्हणून मी पुढचं उजवं चाक काढून तिकडून हात घातला. वायर जोडायच्या आधी मल्टिमीटरने हीटरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स बघितला, साधारण १९ ओहम आला. गणित सोपंय, १२० व्होल्टवर ७५० वॉट म्हणजे १९ च्या आसपासच यायला हवा, मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर गेला, मग कॉर्डवर पैसे घालवू नका. पिनांना डायलेक्ट्रिक ग्रीस लावली, कनेक्टर पूर्ण आत बसेपर्यंत दाबला, वायर एक्झॉस्टपासून लांबून घेऊन झिप टायने बांधली आणि प्लग ग्रिलमधून बाहेर काढला. सगळं मिळून दीड तास.

फरक काय पडला विचाराल तर जमीन-अस्मानाचा. उणे ३० ला चार तास लावलेला असला की इंजिन नेहमीच्या थंड सकाळसारखं चालू होतं, पांढरा धूर जवळपास नाही, ती सुरुवातीची लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी खडखड नाही, आणि केबिनमध्ये गरम हवा बऱ्याच लवकर येते. रात्रभर लावून ठेवायची गरज नाही, तीन-चार तासांनंतर कूलंट त्याहून फारसं तापत नाही. म्हणून टायमर, रात्री दीडला चालू साडेपाचला बंद. चार तासांचे तीन युनिट होतात, आमच्याकडे साधारण अर्धा डॉलर. एक्स्टेंशन वायर मात्र बाहेर वापरायची जाड घ्या, १४ किंवा १२ गेजची, घरातली बारीक वायर थंडीत काडीसारखी कडक होते आणि वाकवली की वरचं आवरण तडकतं.

कामाच्या ठिकाणी पार्किंगमध्ये खांबाला प्लग असतात, तिथे एक गोष्ट मला उशिरा कळली. काही ठिकाणी वीज सलग नसते, थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद अशी फिरवून देतात. प्लग लावल्यावर लगेच आवाज आला नाही तर आपला हीटर गेला असं समजून घाबरू नका.

ब्लॉक हीटरला जे जमत नाही तेही सांगतो. तो बॅटरी तापवत नाही, टाकीतलं डिझेल तापवत नाही, आणि इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या सम्पमधल्या ऑइलपर्यंत त्याची ऊब फार थोडी पोचते. ऑइल मी १५डब्ल्यू-४० सोडून थंडीत पातळ राहणाऱ्या सिंथेटिक ५डब्ल्यू-४० वर आलो, गाडीच्या मॅन्युअलमध्येही उणे १८ च्या खाली तेच सांगितलंय. बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर इथल्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासच गोठून फुगू शकते, तशी फुगलेली दिसली तर जंप स्टार्ट अजिबात करायचा नाही. डिझेल मी पॉवर सर्व्हिस कंपनीची पांढरी बाटली (डिझेलमध्ये मेण धरू नये म्हणून मिसळायचं औषध) टाकीत ओतून मग त्यावर भरतो म्हणजे नीट मिसळतं, आणि हे थंडी पडायच्या आधी करायचं, मेण धरल्यावर पांढरी उपयोगाची नाही, तेव्हा त्याच कंपनीची मेण विरघळवणारी लाल बाटली लागते, ती सीटमागे एक पडलेली असते.

आणि हात जोडून एक विनंती, इंजिन लगेच पेटावं म्हणून हवेच्या वाटेत मारतात तो ईथरचा स्प्रे मारू नका. निफाडला जुन्या इंजिनांच्या तोंडाशी पेटता बोळा धरलेला मी पाहिलाय, त्या इंजिनांना ते चालायचं, पण इथे हवेच्या वाटेवर ग्रिड हीटर लाल झालेला असतो आणि त्यावर ईथर गेलं तर आत स्फोट होतो, इनटेक फुटतो, समोर उभ्या माणसाचा चेहरा जातो.

मार्क द्यायचे तर हीटर आणि कंपनीच्या कॉर्डला मिळून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो जागेसाठी, हात पोचायला फारच वाईट जागा आहे, उणे २५ ला ढिलं कनेक्शन तपासायची वेळ आली तर बोटं बधिर होतात. म्हणून ते काम ऑक्टोबरातच उरकून घ्या, चाक काढा, कनेक्टर ओढून बघा, मीटर लावून १९ दिसतात का पाहा. आणि टाकीत उन्हाळ्याचं डिझेल उरलं असेल तर कुठेतरी लांब चक्कर मारून ते जाळून टाका.