सरकीची नखं आणि ती सुरक्षा पट्टी : पक्कडछाप नख-कटर सात महिने वापरल्यावर

मार्चमध्ये माझ्या सरकी मांजरीची नखं कापायच्या कटरची स्प्रिंग तुटली. वॉरंटी सहा महिन्यांची, वापर पाच महिन्यांचा, म्हणून बिल आणि फोटो पाठवले. चार दिवसांनी फोन आला : "मॅडम, तुम्ही सेफ्टी गार्ड काढलाय, वॉरंटी बाद." ज्या पट्टीमुळे माझ्या मांजरीच्या पायातून रक्त आलं, ती काढली म्हणून वॉरंटी बाद! तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा हेच उत्तर. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ३४९ रुपये आमच्याकडे फेकायला नसतात.

कटर असा आहे. रबरी मुठी, दोन अर्धगोल पाती, मागे ती हलणारी लोखंडी पट्टी, तोच सेफ्टी गार्ड. डब्यावर कुत्रा आणि मांजर दोघांचंही चित्र. घरपोच म्हणून मागवला, पण आमच्या गावापर्यंत गाडी येत नाही, तालुक्याला जाऊन आणावा लागला. ते असो.

आमची सरकी तेरा वर्षांची आहे. २०१२ च्या दिवाळीत घरात कापूस भरलेला होता, त्या ढिगावर ती जन्मली. पांढरीफटक, म्हणून सरकी. इतकी वर्षं तिची नखं कोणी कापली नाहीत आणि तशी गरजही नव्हती. वावरात हिंडणारी, कडुलिंबावर चढणारी मांजर आपली नखं आपणच नीट ठेवते, आणि कुत्रा मागे लागला तर ती नखंच तिला वाचवतात. तुमची मांजर तरणी आणि बाहेर फिरणारी असेल तर हा कटर घेऊच नका.

म्हातारपणी गोष्ट बदलते. सरकीचं झाडावर चढणं थांबलं, बारदान्यावर नखं घासणंही कमी झालं. पूर्वी नखाची जुनी टरफलं पोत्यांपाशी पडलेली सापडायची, ती दिसेनाशी झाली. टरफल गळत नाही म्हटल्यावर थरावर थर चढतो आणि नख जाड होऊन वळायला लागतं. दसऱ्यानंतर ती पुढचा उजवा पाय उचलून चालायला लागली. काटा रुतला असेल म्हणून बघितलं, तर अंगठ्याचं नख गोल वळून तळव्याच्या गादीत घुसलेलं. ते नख जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ते कापून काढलं, जखम धुतली आणि सांगितलं, दर तीन आठवड्यांनी नखं बघत जा. मांजरीला नखं अठरा असतात, पुढे पाच-पाच, मागे चार-चार. त्यातली पुढची दहा महत्त्वाची, आणि त्या दहातही दोन्ही अंगठे आधी.

आता पट्टीबद्दल. पांढऱ्या मांजरीचं नख उजेडात धरलं की आत गुलाबी रेघ दिसते. मुळाशी रुंद, टोकाकडे निमुळती. ती जिवंत नस. तिच्या दोन मिलिमीटर अलीकडे, टोकाच्या बाजूला कापायचं, एवढंच या कामाचं शास्त्र. आणि ही पट्टी येते नेमकी त्या रेघेच्या आड! नख पात्यात घातलं, टोक पट्टीला टेकलं, की मागचं काही दिसत नाही. माहितीपत्रकात लिहिलं होतं, नख पट्टीला टेकवा, जास्त कापलं जाणार नाही. ते अंतर कुत्र्याच्या नखाचं असेल. मांजरीचं नख केवढंसं! मी पट्टीवर विश्वास ठेवला, दाबलं, आणि सरकी किंचाळली. रक्ताचा थेंब फरशीवर पडला. गव्हाचं पीठ दाबून धरलं, दोन-तीन मिनिटांत थांबलं. पण तिचं ते ओरडणं मला आजही आठवतं. ती चूक माझ्या हाताने झाली आणि त्या पट्टीने ती होऊ दिली.

त्या झटापटीत माझ्या मनगटावर लांब ओरखडा आला. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतला आणि आरोग्य केंद्रात गेले. मांजर घरची असली तरी बाहेर हिंडते, आणि रेबीज एकदा झाला की त्यावर औषध नाही. लस मोफत मिळाली, पण पहिल्या दिवशी, मग त्यापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी, अशा चार फेऱ्या. एसटीचं अर्धं तिकीट असलं तरी ऐन कापूस वेचणीत चार दिवस मोडले.

दुसऱ्या खेपेला माझ्या उन्हाच्या दुपट्ट्यात तिला गुंडाळलं, एकच पाय बाहेर. दोन नखं झाली. तिसऱ्याला ती सुटली आणि तुरीच्या पोत्यांमागे जाऊन बसली, रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. त्यानंतर मी तो दुपट्टा डोक्याला बांधून वावरातून आले तरी ती पळायची. तेरा वर्षं जी माझ्या पायाशी झोपली, ती मला बघून पळते हे मला सहन होईना. मानेची कातडी धरून उचलायचा सल्लाही मिळाला. ते करू नका. पिल्लाला त्याची आई तसं उचलते, मोठ्या मांजरीला त्याने त्रास होतो आणि ती जास्तच बिथरते.

तोडगा सासूबाईंनी काढला. त्या सपरीत बसून तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "कायले सारे नखं एकाच दिवशी पायजे वं तुले? झोपली असन तवा एक काप अन् सोड तिले."

एक नख. रोज एक. त्याच रात्री मी ती पट्टी काढली, एकच स्क्रू आहे. आणि इथे माझं कटरबद्दलचं मत बदललं. त्याआधी मी याला एकही तारा दिला नसता. पट्टी गेल्यावर कळलं की पाती खरोखर चांगली आहेत. सात महिन्यांनीही नख एका दाबात तुटतं, चुरगळत नाही. बाजारातला आपला तीस रुपयांचा नेलकटरही करून पाहिला. मांजरीचं नख बाजूंनी चपटं असतं, ते आडवं दाबलं गेलं की उभं चिरतं, म्हणून कुठलाही कटर धरताना पाती नखाच्या वरून आणि खालून यायला हवीत. या कटरच्या अर्धगोल पात्यांत नख सरकतही नाही.

थंडीत सरकी सपरीतल्या उन्हात झोपायची, आता मे महिन्यात माठाखालच्या ओल्या फरशीवर झोपते. मी शेजारी बसते, आधी नुसता पाय हातात घेते. चार-पाच दिवस फक्त एवढंच केलं होतं, कटर न आणता. मग तळव्याची गादी आणि वरचं बोट हलकेच दाबलं की नख म्यानातून निघावं तसं बाहेर येतं. गुलाबी बघायचं, टोक उडवायचं, लगेच सुकटाचा एक झिंगा द्यायचा. ती एक डोळा उघडते, खाते, पुन्हा झोपते. तिने पाय ओढला तर सोडायचा, त्या दिवशीचं नख उद्यावर. दहा दिवसांत पुढचे दोन्ही पाय होतात, मग दहा-बारा दिवस सुट्टी. मागची नखं मी फक्त बघते.

स्प्रिंगचं सांगायचं राहिलं. कंपनीने हात वर केल्यावर बाजाराच्या दिवशी मोटार वाइंडिंगवाल्या भाऊंकडे गेले. त्यांनी तारेची नवी वळवून दिली, वीस रुपये. मूळ स्प्रिंगपेक्षा नरम आहे, आवाजही कमी येतो, आणि झोपलेल्या मांजरीजवळ ते फार बरं.

तर पाच पैकी तीन तारे, सगळे पात्यांचे. पट्टी आणि वॉरंटीचे दोन कापले. हाच कटर घेणार असाल तर पहिल्याच दिवशी स्क्रू काढा, आणि वॉरंटीची आशा धरू नका. पट्टी नसलेला, छोट्या कात्रीसारखा कटर जवळपास मिळाला तर तो घ्या, मांजरीला तोच सोयीचा.

आज दुपारी डाव्या पायाचं तिसरं नख झालं. अंगठ्याचं उद्या.