संध्याकाळच्या फोटोत इमारत सरळ कशी आणायची: शिफ्ट लेन्स, वाइड लेन्स की सॉफ्टवेअर?

मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनचा फोटो काढायचा तर सूर्य बुडाल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटंच खरी कामाची. आकाश गडद निळं असतं, दगडी भिंतींवर दिवे लागलेले असतात. त्यानंतर आकाश काळं होतं आणि घुमटाची कड त्यात हरवते. समोर महापालिकेच्या बाजूला उभं राहिलं की घुमट फ्रेममध्ये बसवायला कॅमेऱ्याचं तोंड वर करावं लागतं, आणि तेवढ्यानं सगळ्या भिंती आत कलतात.

बहुतेक जण हे घरी जाऊन सॉफ्टवेअरमध्ये सरळ करतात. मीही करतो. पण त्याची किंमत आधी समजून घ्या. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) २४ एमएमची वाइड लेन्स १५ अंश वर केली, तर दुरुस्तीनंतर चित्राच्या तळाची रुंदी वरच्या कडेच्या साधारण पाऊणपटच उरते. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण पडतात आणि ते कापले की वरच्या बाजूचं आकाशही दोन्हीकडून जातं. शिवाय वरचा भाग ताणला जातो. संध्याकाळी तोच सगळ्यात अंधारा असतो, त्यामुळे हातात धरून आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत वाढवून काढलेल्या फोटोत नॉइज, म्हणजे दाणे, तिथेच जास्त उठून दिसतो. एकदा घुमटावरच्या पुतळ्याच्या हातातली मशाल मी फ्रेमच्या वरच्या कडेला अगदी टेकवून घेतली होती. रेषा सरळ झाल्या आणि मशाल कापली गेली. तेव्हापासून वर आणि दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडतो.

लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये आधी लेन्स प्रोफाइल लावा (ते लेन्सचा स्वतःचा वाकडेपणा काढतं), मग गाइडेड अपराइट या टूलमध्ये, जे सरळ असायला हवं त्यावर दोन उभ्या रेषा आखा. रेषा खिडकीच्या चौकटीवर किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर घ्या. मनोरे वर निमुळते होत जातात, त्यांच्यावर घेतल्या की सगळं बिघडतं. शंभर टक्के दुरुस्ती मला कधीच आवडत नाही, इमारत वर पसरल्यासारखी वाटते. थोडासा कल राहू द्यावा. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल हे फुकट सॉफ्टवेअर उत्तम आहे. फोनवर स्नॅपसीड हे अॅप रिकामे कोपरे आपोआप भरतं. रस्त्यावर ते खपून जातं, रेलिंगवर मात्र लगेच कळतं.

शिफ्ट लेन्समध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर वर-खाली सरकवता येणाऱ्या लेन्समध्ये, यातलं काहीच गमवावं लागत नाही. कॅमेरा वर न झुकवता समोर सरळ ठेवायचा आणि लेन्स वर सरकवायची. कॅननची २४ एमएम टीएस-ई ही शिफ्ट लेन्स १२ मिलिमीटर सरकते. पण फोकस हातानं करायचा, तोही कमी उजेडात, आणि ट्रायपॉड जवळजवळ हवाच. गर्दीच्या फुटपाथवर ट्रायपॉड उभा केला की कुणीतरी हटकतंच. एक्स्पोजर मात्र सरकवण्याआधी ठरवून घ्या, नंतर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर चुकू शकतो. मोठा प्रिंट किंवा आर्किटेक्टचं काम असेल तर एका संध्याकाळपुरती भाड्यानं आणा. छंदासाठी विकत घेणं मला पटत नाही.

तिसरा मार्ग कुणी फारसा सांगत नाही. १६ एमएमची वाइड लेन्स असेल तर कॅमेरा उभ्या फ्रेमसाठी फिरवा, पण वर न झुकवता अगदी समोर धरा, खालचा रस्ता नंतर कापून टाका. तळाचा एक तृतीयांश भाग गेला तरी २४ मेगापिक्सेलमधले १६ हातात राहतात आणि सॉफ्टवेअरमध्ये काहीच ताणावं लागत नाही. ऑफिस सुटल्यावर जाता जाता काढणाऱ्याला मी हाच सुचवेन.

मरीन ड्राइव्हवर प्रश्न वेगळा आहे. तिथे इमारती दूर असतात, कॅमेरा फारसा वर करावा लागत नाही, फक्त फोटोचा डावीकडचा किंवा उजवीकडचा कल काढायचा असतो. किनारा दूर वळत जातो म्हणून फोटोत तिरका दिसतो, आणि नेमकी तीच रेषा आडवी केली की सगळं शहर एका बाजूला कलतं. त्याऐवजी फ्रेमच्या मध्याजवळचा एखादा पलीकडचा दिवा शोधा. तो आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब एकाखाली एक आले, की फोटो सरळ आहे.