दोन लिप्यांच्या कामासाठी एक्सएफसीई डेस्कटॉप

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात संगणकावर बसणाऱ्याला मराठी आणि कन्नड या दोन्ही लिप्या रोज लागतात. पतसंस्थेच्या सभेची सूचना किंवा लग्नपत्रिकेचा मजकूर देवनागरीत लिहायचा आणि तहसीलदार कचेरीत द्यायचा अर्ज कन्नडमध्ये करायचा, हे इथले नित्याचे काम आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा सुधारणा थांबली आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप जुन्या यंत्रांत नसल्याने खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयाचे संगणक लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर न्यावे लागले. त्यांवर कोणता डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू आणि पॅनेल दाखवणारी व्यवस्था, बसवावा याचा बराच विचार करून आम्ही एक्सएफसीई निवडला, आणि सीमाभागातील वाचनालये, शाळा व छोट्या डीटीपी दुकानांना मी तोच सुचवेन.

एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. जोडाक्षरे नीट दिसणे किंवा न दिसणे हे डेस्कटॉपच्या निवडीवर ठरत नाही. अक्षरांची जुळणी हार्फबझसारखी सॉफ्टवेअर लायब्ररी करते आणि अक्षरांचे रूप लोहित किंवा नोटो यांसारख्या फाँटमधून येते, त्यामुळे ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ एक्सएफसीईत जसे दिसतात तसेच ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्येही दिसतात. फरक पडतो तो एका लिपीतून दुसरीत जाण्याच्या सोयीत. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘लेआउट’ या भागात इंग्रजी, मराठी आणि कन्नड हे तिन्ही लेआउट (कळींच्या मांडण्या) ठेवता येतात व बदलासाठी हवी ती कळजोडी नेमता येते. त्यासोबत पॅनेलवर चालू लेआउट दाखवणारे एक्सकेबी प्लगिन अवश्य बसवावे, आणि त्यात ध्वजाऐवजी अक्षरी नाव निवडावे, कारण मराठी व कन्नड दोहोंसाठी तिरंगाच दिसतो आणि कोणता लेआउट चालू आहे ते कळत नाही. याच प्लगिनमध्ये प्रत्येक खिडकीसाठी लेआउट स्वतंत्र ठेवण्याची सोय आहे, आणि माझ्या मते आमच्यासारख्यांसाठी तीच सर्वांत मोलाची आहे: लिब्रेऑफिसमधील पत्र मराठीत राहते, शेजारच्या ब्राउझरमधील अर्ज कन्नडमध्ये राहतो, आणि खिडकी बदलली की लेआउट आपोआप बदलतो.

लेआउट निवडतानाही थोडा विचार करावा. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण लेआउटमध्ये ‘क’ आणि ‘ಕ’ एकाच कळीवर आहेत, म्हणजे एका लिपीचा सराव दुसरीला उपयोगी पडतो. कन्नड गणक परिषदेच्या नावावरून ओळखला जाणारा कगप हा उच्चारानुसारी लेआउटही लिनक्समध्ये कन्नडप्रमाणे मराठीसाठी उपलब्ध आहे; त्यात इंग्रजी के दाबली की ‘क’ आणि शिफ्टसह दाबली की ‘ख’ उमटतो. शाळेत दोन्ही भाषा शिकणारी मुले तो लवकर आत्मसात करतात.

ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपांतही खिडकीनिहाय लेआउटची सोय आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आयबस या टंकलेखन-साधनातून रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवायची सवय असेल, तर ग्नोममध्ये ते सहज जुळते. एक्सएफसीईत मात्र आयबस अनेकदा हाताने जोडून घ्यावा लागतो. परंतु ४ जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावर ब्राउझर उघडल्यानंतर जे काही उरते, त्यात एक्सएफसीई अधिक सुखाने चालतो, आणि खिडक्यांचा कंपोझिटर (सावल्या, पारदर्शकता असे दृश्य परिणाम देणारा भाग) बंद केला की आणखी हलका होतो. मेट हा डेस्कटॉप जवळचा पर्याय आहे. आय३ सारखा टायलिंग विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या फरशांप्रमाणे शेजारी-शेजारी लावणारा, एकट्याने दिवसभर काम करणाऱ्या सरावलेल्या माणसाला उत्तम, पण दर तासाला नवा वाचक बसणाऱ्या खुर्चीसमोर तो ठेवू नये.

एक्सएफसीईच्या नव्या आवृत्त्या संथपणे येतात, आणि मला तो त्याचा गुण वाटतो. ऑलिव्हिए फुर्दाँ यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाची ४.१२ आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि त्यानंतरची ४.१४ थेट २०१९ मध्ये. ज्येष्ठ वाचकांना एकदा दाखवलेला मेनू पुढील अनेक वर्षे त्याच जागी सापडतो. पॅनेल कोणी ओढून हलवू नये म्हणून त्याची मांडणी प्रशासकाला कुलूपबंदही करता येते, आणि सार्वजनिक संगणकावर ते करावेच.

उणिवाही आहेत. खिडकीची कड इतकी बारीक असते की माउसने ती पकडणे नवख्याला जमत नाही. ऑल्ट दाबून उजव्या बटणाने ओढण्याची युक्ती प्रत्येकाला शिकवावी लागते. बाहेर पडताना सत्र जतन करण्याची खूण राहिली, तर आधीच्या वाचकाच्या खिडक्या पुढच्यासमोर उघडतात, म्हणून ती आधीच काढून टाकावी. डिसेंबर २०२४ मधील ४.२० आवृत्तीत वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या प्रणालीचा आधार प्रायोगिक आहे आणि एक्सएफसीईचा स्वतःचा विंडो मॅनेजर त्यावर अजून चालत नाही. वर सांगितलेली कीबोर्डची सगळी व्यवस्था एक्स११ या जुन्या प्रणालीवरची आहे, त्यामुळे ही आवृत्ती बसवणाऱ्याने लॉगिनच्या वेळी एक्स११ चेच सत्र निवडावे.