‘ए इज फॉर ऑसम!’: जाड पानांची, नेमक्या शब्दांची बाराखडी

‘ए इज फॉर ऑसम!’ या मुलांच्या इंग्रजी अक्षरपुस्तकाच्या लेखिका ईव्हा चेन यांचा प्रवास न्यूयॉर्कच्या फॅशन नियतकालिकांतून सुरू झाला. ‘टीन व्होग’मध्ये सौंदर्यविभाग सांभाळल्यावर 2013 मध्ये त्या ‘लकी’ मासिकाच्या मुख्य संपादक झाल्या आणि 2015 मध्ये, छापील मासिकांचे दिवस ओसरत असताना, फॅशन भागीदारीच्या प्रमुख म्हणून इन्स्टाग्राममध्ये रुजू झाल्या. 2018 पासून त्या मुलांसाठी लिहू लागल्या.

डेरेक डेसिएर्टो यांच्या चित्रांनी सजलेले हे 2019 चे पुस्तक मी साडेतीन वर्षांच्या भाचीसाठी घेतले. ‘ए फॉर ॲपल’ घोकणाऱ्या मुलीला येथे ए म्हणजे वैमानिक अमेलिया एअरहार्ट, एम म्हणजे मलाला आणि टी म्हणजे गायिका टीना टर्नर भेटतात. तेवीस अक्षरांना तेवीस स्त्रिया, आणि उरलेली एक्स, वाय, झेड ही तीन अक्षरे वाचणाऱ्या मुलीचीच. त्या पानावर मी “ही तू” म्हणताच भाचीने आधी चित्राला आणि मग स्वतःच्या छातीला बोट लावले, तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

मासिकात चित्राखालच्या मोजक्या ओळी लिहिण्याची सवय येथे स्पष्ट जाणवते, कारण एकही शब्द फाजील नाही. मात्र या थोडक्या मजकुरामुळे रूथ बेडर गिन्सबर्ग (अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील दिवंगत न्यायमूर्ती) कोण, हे मोठ्यांनाच समजावून सांगावे लागते, आणि अमेरिकी नावांचा भरणा आपल्याकडच्या घरांत थोडा परका वाटतो. पुठ्ठ्याची पाने मात्र ओढाताण सोसणारी आहेत. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, शेजारी बसून वाचून दाखवणार असाल तर, अवश्य घ्यावे.